क्रोकसची सोयरीक

मार्च अर्धा सरला होता. लिपोवा गावातली माणसं अंगणातला उरलासुरला बर्फ फावड्यानं रस्त्यावर लोटत होती, आणि हेदविका मात्र चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीआडून बर्फ भरभरून घरी आणत होती. तोही मुलाच्या जुन्या बाबागाडीतून. गाडीत कपडे धुवायची टोपली, टोपलीत बर्फ, आणि वाटेत वितळू नये म्हणून वर घोंगडं. वळणावर एका बाईनं कौतुकानं घोंगडं उचलून आत बघितलं आणि "अगंबाई!" म्हणून हात मागे घेतला.

चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा पायरीवर उभा राहून हा कारभार रोज बघत होता.

"न्या, न्या," तो म्हणाला. "आमच्या देवाला काही त्याचं लोणचं घालायचं नाही. पण एवढं सांगा, करता काय त्याचं?"

"एकाला झोपवते."

"कोणाला?"

"आहे एक जण," हेदविका म्हणाली आणि गाडी ढकलत निघाली.

घरामागच्या उतारावर तिच्या नवऱ्यानं, अलोइसनं, रचलेली दगडांची बाग होती. डोंगरमाथ्यावरची बुटकी झाडं तिथं दगडांच्या आडोशानं राहत. त्या बागेच्या एका कोपऱ्यात गुडघाभर बर्फाचा ढीग झाला होता. बाकी सगळीकडं कोवळं हिरवं फुटलेलं आणि मधेच हा पांढरा ढिगारा. हेदविकानं टोपली त्यावर उलटी केली, हातानं थापटून घट्ट केली आणि वर पाइनच्या फांद्या पसरल्या.

खिडकीत तिची थोरली बहीण ओटिलिये बसली होती. अलोइस गेला तेव्हा ती सोबतीला म्हणून चार आठवड्यांसाठी आली होती. ती अजून गेली नव्हती. तिला कोंबड्या कळत आणि कोबी कळे. जे शिजत नाही ते झाड कशाला लावायचं, असा तिचा सरळ हिशेब.

"लोक म्हणतील, हिला वेड लागलं," ओटिलिये खिडकीतून म्हणाली.

"म्हणू देत."

"मला विचारतात ना! बेकरीत विचारतात, खाटकाकडं विचारतात. मी काय सांगू?"

"सांग, बहिणीचं डोकं गरम झालंय, त्यावर ठेवायला नेते."

या सगळ्या उठाठेवीचं कारण होतं एक बोटभर उंचीचं फूल. क्रोकस. केशर ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं. तसे जांभळे-पांढरे क्रोकस गावात घरोघरी होते, गवतासारखे उगवायचे आणि कोंबड्या ते टोचून खायच्या. हा तसला नव्हता. हा दूर दक्षिणेकडच्या, बाल्कनमधल्या शार पर्वतावरचा, बर्फ वितळून पाणी झिरपतं तिथं राहणारा. रंग अंड्याच्या बलकासारखा पिवळा, आणि गळ्याशी जांभळा. इतर कंदांना उन्हाळ्यात कोरडी झोप लागते, म्हणून बागवाले त्यांच्यावर काच झाकतात. याचं उलटं. याला बारा महिने पाय ओले हवेत. कोरडा पडला की मेला. काच झाकून झाकून याला मारलेले बागवाले देशभर होते, आणि ते सगळे जाणते होते.

सीमा उघडल्या त्या वर्षी अलोइस आणि त्याचा जिवलग दोस्त सिरिल पाठीवर पिशव्या टाकून तिकडं गेले होते. चिमूटभर बी घेऊन आले. अलोइसकडं त्यातला एकच कंद जगला. त्याला मातीखाली पिलं फुटत गेली आणि एका वसंतात नऊ फुलं आली. पण सगळी एकाच कंदाची लेकरं. अशा भावंडांत बी धरत नाही. बी धरायचं तर दुसऱ्या घरचा पराग पाहिजे.

अलोइसला जाऊन पाच वर्षं झाली होती. गेल्या शरदात शेतातले उंदीर बागेत शिरले आणि त्यांनी तो गड्डा कुरतडला. हेदविकानं चाचपून पाहिलं तेव्हा दोनच कंद हाताला लागले. एखादा कोरडा उन्हाळा, नाहीतर एखादा भुकेला उंदीर, की अलोइसनं आणलेलं ते फूल संपलं. तिला बी हवं होतं. ते मिळालं तर पुढं काहीतरी उरेल. नाहीतर नुसते दगड.

दुसऱ्या घरचा पराग सबंध मुलखात एकाच ठिकाणी होता. सिरिलकडं. वर जंगलाच्या कडेला झाहोरी नावाची वाडी आहे, तिथं. तिथं थंडी उशिरापर्यंत मुक्काम ठोकते, म्हणून सिरिलचं फूल हिच्यापेक्षा तीन आठवडे मागून यायचं. हिचं वाळायचं तेव्हा त्याचं डोळे उघडायचं. म्हणून हेदविका आपल्या फुलाला बर्फाखाली दडपून ठेवत होती. वरच्याला वेळ लागतो ना, मग खालच्यानं थांबावं.

"बरं, नवरी थोपवून धरलीस," ओटिलिये जेवताना म्हणाली. बटाट्याचं सूप होतं, आणि तिला सूप पिताना बोलायला आवडे. "नवऱ्याकडं कोण बोललं?"

हेदविकानं पाव मोडला.

"कोणीच नाही ना? इकडं मांडव घातलाय आणि तिकडं वरपक्षाला पत्ताच नाही."

"वेळ आली की बघू."

"वेळ म्हणजे काय? तू त्याच्याशी नऊ वर्षं बोलली नाहीस. फूल काय, चार दिवस राहणार. नऊ वर्षांचं चार दिवसांत कसं उरकणार तू?"

नऊ वर्षांपूर्वी घडलं ते असं. तालुक्याच्या गावी बागवाल्यांच्या मंडळाची वसंतातली बैठक होती. सिरिल पडद्यावर एकेकाच्या बागेची चित्रं दाखवत होता आणि वर टिप्पणी करत होता. सिरिल नव्या पद्धतीचा माणूस. पातळ चिरे उभे करून, फळीवरच्या पुस्तकांसारखे एकमेकांना खेटून रोवायचे आणि मधल्या फटींत झाडं लावायची, म्हणजे मुळं खाली गारव्यात जातात. अलोइसच्या बागेतले दगड मात्र गोल, नदीतले, अर्धे मातीत पुरलेले. ते चित्र आलं तसा सिरिल म्हणाला, "आणि हा आपल्या अलोइसचा नाताळचा पाव. बेदाणे बघा कसे छान खोचलेत!"

सभागृह हसून लोळलं. सगळ्यांत मोठ्यानं अलोइस हसला. हेदविका हसली नाही. त्यानंतर सिरिल घरी आला तेव्हा तिनं त्याला "तुम्ही" म्हटलं. वीस वर्षं ज्याला "अरे, सूप गार होतंय, बस" म्हणायची, त्याला "बसा" म्हणाली. सिरिल बसला नाही. तो यायचा कमी झाला. मग अलोइस गेला. मातीला सिरिल आला, लांब उभा राहिला, थडग्याशी एक कुंडी ठेवली आणि कोणाशी न बोलता बसनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटिलियेनं डोक्याला रुमाल बांधला, खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड वाटोळे पाव, कापडात गुंडाळले आणि चपलांऐवजी बूट घातले.

"कुठं?" हेदविकानं विचारलं.

"कोंबडा बघायला. झाहोरीत एकाकडं चांगला आहे म्हणतात."

"आपल्याकडं कोंबडा आहे."

"तो म्हातारा झालाय," ओटिलिये म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

दुपारच्या बसनं ती परत आली ती तोंड वाकडं करूनच. रुमाल सोडला, खुर्चीवर बसली, आणि कोंबड्याचं नावही घेतलं नाही.

"फुलून गेलं," ती म्हणाली.

"काय?"

"त्याचं फूल. येऊन, फुलून, वाळूनही गेलं."

"असं कसं होईल? झाहोरीत? मार्चमध्ये?"

"त्यानं काचेची पेटी ठेवली त्याच्यावर. आणि पेटीत दिवा सोडला, पिलांना ऊब द्यायला असतो तो. लवकर फुलवायला."

"पण का?"

"का म्हणजे? तुझ्याबरोबर यावं म्हणून! तुझं लवकर येतं, तर आपलं घाईनं आणावं. तू त्याच्यासाठी थांबलीस, तो तुझ्यासाठी धावला. दोघं शहाणे वाटेत एकमेकांना ओलांडून गेलात."

हेदविका मटकन बाकावर बसली. "त्याला काय ठाऊक माझे दोनच उरलेत ते?"

ओटिलिये खिडकीबाहेर बघायला लागली. "खाटकाकडं रांगेत भेटला होता हिवाळ्यात. मी सहज बोलले असेन. मला काय ठाऊक हे एवढं गुपित आहे!"

"बरं, मग? आला का नाही तो?"

"आला होता ना! गेल्या आठवड्यात. काड्यापेटीत पराग घालून, ब्रश घेऊन, बसनं. तुझ्या कुंपणापर्यंत आला. बघतो तर त्या कोपऱ्यावर बर्फाचं थडगं! आणि तू वर आणखी थापटतेयस. त्याला वाटलं, आपल्या नजरेलाही पडू नये म्हणून हिनं फूल गाडलं. तसाच पाय मागे घेतला. बिचारा मला सांगताना दोनदा नाक पुसत होता. सर्दीही झालीय म्हणा त्याला."

हेदविका उठली, पुन्हा बसली. बागेत जाऊन तो ढिगारा लाथाडावा असं तिला वाटलं.

"संपलं मग," ती म्हणाली.

"थांब गं. एक राहिलंय. एका कंदाला मागून दुसरी कळी आलीय, सुईच्या टोकाएवढी. त्यानं दाखवली, मला तर काही दिसलंच नाही. तो म्हणाला, हेदविकाबाईंना म्हणावं, दोन-तीन दिवसांत उघडेल." ओटिलियेनं खिशातून चिठोरं काढून टेबलावर ठेवलं. "आणि हा फोन नंबर. आता कोंबड्याच्या नावाखाली रोज मीच निरोप पोचवायचे का?"

हेदविकानं आधी फावडं घेतलं. मग फावडं टाकलं आणि हातांनी बर्फ उपसायला लागली, कारण फावड्यानं अंकुर तुटला असता. सगळा बर्फ निघाला तेव्हा खाली, काळ्या ओल्या मातीत, फिकट पांढरी दोन टोकं दिसली. जिवंत होती. पण झोपेत. त्यांना जागं व्हायला आठवडा तरी हवा होता, आणि वरची कळी तीन दिवसांत उघडून बसणार होती.

तिनं फोन लावला.

"हेदविका बोलतेय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सिरिल म्हणाला, "हो. ओळखला आवाज."

"तुमची ती कळी. थोपवता येईल?"

"मी तेच करतोय. मातीसकट उचलून कुंडीत घेतली. तळघरात ठेवलीय, सफरचंदांच्या फळीवर."

"सफरचंदांजवळ नको! सफरचंद सगळ्यांना पिकवतं. आधी बाहेर काढा."

"अरे देवा." फोन तसाच टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग पायऱ्या उतरणाऱ्या बुटांचा, मग शिंकेचा. बऱ्याच वेळानं तो परत आला. "काढली. आता बटाट्यांजवळ आहे."

"बटाटा चालेल."

"आणि तुमच्यावर काच ठेवा. माझी पेटी पाठवू?"

"माझ्याकडं खिडकीचं तावदान आहे."

अशा रीतीनं ज्याला घाईनं फुलवलं त्याला अंधारात बसवलं, आणि जिला झोपवलं तिला उन्हात काढलं. रोज संध्याकाळी फोन होऊ लागले.

"काय म्हणतोय तुमचा?"

"झोपलाय. जरा पिवळं दिसतंय टोकाला. तुमची?"

"एक इंच वर आलीय. दुसरी रुसलीय, तिचं काही खरं नाही."

"पाणी?"

"मला शिकवू नका पाणी."

"नाही, तसं नाही. विचारलं आपलं."

आणि मग दोघं फोन ठेवायचे नाहीत. सिरिलच्या गुडघ्याबद्दल बोलणं व्हायचं, लिपोव्याच्या नव्या डॉक्टरबद्दल, झाहोरीत रानडुकरांनी कोणाचं कुंपण मोडलं त्याबद्दल. ओटिलिये विणकाम करत ऐकत असे. एकदा मोठ्यानं म्हणाली, "कुंडीतला बोलत नाही ते बरं. त्याला या दोघांत तोंड घालायला जागा मिळाली नसती."

शनिवारी सकाळी हेदविकानं तावदान उचललं तर पिवळं टोक वाटोळं, फुगीर झालेलं. उन्हाची तिरीप लागली असती तर तेव्हाच उघडलं असतं. तिनं फोन केला. सिरिल अकराच्या बसनं आला. कुंडी त्यानं कोटाच्या आत, छातीशी धरली होती आणि वरची दोन बटणं मोकळी सोडली होती, कळीला श्वास घ्यायला. दाढी केलेली. टोपी नवी.

"नवरदेवाची माणसं आली," ओटिलिये दारात म्हणाली. "आत या. आधी सूप घेणार की आधी लग्न?"

"आधी लग्न," सिरिल म्हणाला. "ऊन गेलं तर घोटाळा होईल."

ऊन गेलंच होतं. सकाळी निळं दिसणारं आभाळ आता धुण्याच्या पाण्यासारखं मळकट झालं होतं. ही फुलं उन्हाची लाडकी. ढग आला की पाकळ्या मिटून घेतात, मग राजा आला तरी उघडत नाहीत. तळघरातून निघालेलं सिरिलचं फूल खोलीच्या उबेत हळूहळू सैलावलं. हेदविकाचं मात्र बागेत मूठ आवळून उभं.

दोघं कोपऱ्याशी गुडघे टेकून बसले. सिरिलला खाली बसताना त्या गोल दगडांवर हात टेकावा लागला.

"जपून," हेदविका म्हणाली. "बेदाणा आहे तो."

सिरिलनं हात उचलला. मग पुन्हा ठेवला, कारण नाहीतर पडला असता.

"मी तेव्हा बोललो ते," तो म्हणाला. "अलोइसला मी काहीही बोलायचो. तोही मला. माझ्या चिऱ्यांना तो भांड्यांची मांडणी म्हणायचा."

"अलोइसला बोललात तर अलोइस हसला. त्याचं काय जात होतं? दगड त्यानं नव्हते वाहिले."

"म्हणजे?"

"मी वाहिले. नदीवरून. सायकलच्या मागं बांधून, एकेक."

सिरिलनं मान वळवून बागेकडं पाहिलं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेका दगडावर त्याची नजर गेली. मधल्या मोठ्या, डुकराच्या पाठीएवढ्या दगडावर येऊन थांबली.

"तो पण?"

"तो बाबागाडीतून. मुलाला पाठीशी बांधलं होतं."

"अलोइस मला कधी बोलला नाही."

"तुम्ही विचारलं कधी? सगळ्यांनी धरूनच चाललं, दगड म्हणजे बाप्याचं काम."

सिरिलनं नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. थंडी होती तरी परत घातली नाही. "मला ठाऊक असतं," तो सावकाश म्हणाला, "तर मी बोललो नसतो. नाही. बोललो असतो बहुतेक, माझी जीभ तशीच आहे. पण त्याच दिवशी पाया पडायला आलो असतो."

"पाया नको. त्या दगडावरून हात काढा, हलतोय तो."

तेवढ्यात मागून घरघर आली. ओटिलिये स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबलचक वायर ओढत, हातात केस वाळवायचं यंत्र घेऊन उतारावर उभी होती.

"अहो, भाजेल ते!" सिरिल ओरडला.

"माझ्या डोक्यावर तीस वर्षं फिरतंय. अजून केस आहेत," ओटिलिये म्हणाली. "सरका. तुमच्या भरवशावर बसलो तर बारसं कधी करणार?"

तिनं लांबून, हात हलवत, वारा घातला. कोबीच्या रोपालाही तिनं इतक्या मायेनं कधी वागवलं नव्हतं. फुलाची एक पाकळी सुटली. मग दुसरी. मग आतला केशरी तुरा दिसला, आणि गळ्याजवळचा जांभळा रंग.

"यातली नवरी कोणती?" ओटिलियेनं हळूच विचारलं.

"दोघंही दोन्ही आहेत," हेदविका म्हणाली. "इकडचा पराग तिकडं द्यायचा आणि तिकडचा इकडं."

"शी! कसली ही सोयरीक," ओटिलिये म्हणाली, पण यंत्र बंद केलं नाही.

सिरिलनं ब्रश काढला. मांजराच्या मिशीएवढा बारीक. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा पराग पाकळीवर सांडला. तिसऱ्यांदा हेदविकानं त्याचं मनगट धरलं. ब्रश त्याचा, नेम तिचा. असं दोघांनी मिळून कुंडीतल्या फुलाचं बागेतल्याला दिलं आणि बागेतल्याचं कुंडीतल्याला.

मग तिघांनी सूप प्यायलं. तीन कोलाचे खाऊन सिरिल चारच्या बसनं गेला, कुंडी कोटात घेऊन.

आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. हे फूल आपला गर्भ मातीखाली राखतं. वर पाकळ्या वाळून जातात, पानं वाढतात, आणि पोटात काही आहे की नाही हे मेच्या अखेरीपर्यंत कोणाला कळत नाही. दाणा भरला तर देठ लांबवून बोंड वर उचलून धरतं. नाही भरला तर काहीच वर येत नाही. आणि बोंड उकललं की मुंग्या टपलेल्याच असतात. एका सकाळीत सगळं बी त्यांच्या घरी.

हेदविका रोज त्या कोपऱ्याशी पाणी घालून यायची. फोन चालूच होते.

"फूल वाळून महिना झाला," ओटिलिये म्हणाली. "फोन काही वाळत नाही."

मे संपत आला. हेदविकाच्या दोन्ही कंदांची पानं पिवळी पडली. बोंड काही वर आलं नाही. एक दिवस तिनं बोटानं हलकेच माती बाजूला केली. बोंडाच्या जागी वाळलेला, चुरगळलेला धागा होता. पराग दिला त्या दिवशी थंडी फार होती, उशीर झाला होता, नाहीतर केसांच्या यंत्रानं भाजलं असेल. कारण काहीही असो, धरलं नव्हतं. तिनं माती पुन्हा सारखी केली आणि तशीच दगडावर बसून राहिली. मोठ्या दगडावर.

त्या संध्याकाळी फोन तिनं उचलला नाही. ओटिलियेनं उचलला, ऐकलं, आणि हातानं फोन झाकून म्हणाली, "तो म्हणतो, वर ये. म्हणतो, काही विचारू नकोस, ये."

दुसऱ्या दिवशी हेदविका झाहोरीला गेली. बाग तिनं अलोइस असताना पाहिली होती, तेव्हापेक्षा ती वाढली होती. उभे चिरे शेवाळून गेले होते. वरच्या जंगलातून झिरा यायचा, तो सिरिलनं चिऱ्यांच्या पायथ्याशी फिरवून घेतला होता. भर दुपारी तिथं हात घातला तर गार लागे. त्याच ओलीत त्यानं कुंडीतला कंद परत लावला होता, आणि त्यावर मलमलीची चिमुकली पिशवी बांधली होती, दोऱ्यानं, मुंग्या शिरू नयेत म्हणून.

"सोड," तो म्हणाला. "मी हात लावला नाही अजून."

हेदविकानं गाठ सोडली. आत बोंड होतं, गव्हाच्या दाण्याहून थोडं मोठं, तीन ठिकाणी उकललेलं. तिनं ते तळहातावर उलटं केलं. तांबूस, गोल, चिमूटभर बी.

"आई माझी आहे," सिरिल म्हणाला. "पण बाप अलोइसचा. म्हणून हे सगळं तुझं. घेऊन जा."

"सगळं कसं? अर्धं अर्धं करू."

"नको. तुझ्याकडं काहीच आलं नाही, हे मला काल फोन उचलला नाहीस तेव्हाच कळलं. घेऊन जा म्हणतो ना."

तिनं मूठ मिटली. तिला आपला कोपरा आठवला. वर तावदान, बाजूला पाण्याची झारी, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तापून राहणारे गोल दगड. बारा महिने पाय ओले हवेत याचे. इतकी वर्षं ती ओल तिनं झारीनं पुरवली होती, आणि इथं ती आपोआप वाहत होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. नुसतं म्हणायचं नव्हतं.

"तुम्ही दोघांनी तिकडं डोंगरावर बी कसं वाटून घेतलं होतं?" तिनं विचारलं.

"काड्यापेटीवर. तुला एक, मला एक. शेवटचा दाणा त्यानं मला दिला."

"भली माणसं तुम्ही. वाटून घेतलं म्हणून तर एक तिकडं एकटा पडला आणि एक इकडं. एकत्र पेरलं असतं तर आज माळ भरला असता."

सिरिलनं गुडघ्यावरची माती झटकली.

"हे वाटायचं नाही," हेदविका म्हणाली. "आणि माझ्याकडंही न्यायचं नाही. तिकडं जगणार नाही ते. इथं जगेल. तो चिरा जरा पुढं घे."

"कुठला?"

"हा. मुळं त्याच्या मागं राहतील. नाही, तसा नाही, तिरका कर. हां." तिनं स्वतःच्या हातानं फटीत बी टाकलं, वर कुसकरलेली पानं आणि वाळू घातली. "शरदात माझे दोन जुने कंदही आणते. त्यांनाही इथंच बसवू."

"मग तुझा कोपरा?"

"कोपऱ्यात काहीतरी लावेन. ओटिलिये कोबी म्हणतेय कधीपासून."

"अलोइसच्या बागेत कोबी?"

"अलोइसला कोबी आवडायचा," ती म्हणाली. पण बोलताना तिनं तोंड फिरवलं, आणि सिरिल उगाच लांब जाऊन झऱ्यातली पानं काढायला लागला.

घरी आली तेव्हा ओटिलियेनं तिचे रिकामे हात बघितले.

"बी कुठाय? धरलं नाही का तिकडंही?"

"धरलं. वरच आहे."

"मग तू गेलीस कशाला?"

"पेरायला."

ओटिलियेनं ताटली पुढं केली. "आणि फुलणार कधी?"

"चार-पाच वर्षांनी. झरा आटता कामा नये. वरची फट वाळली तर हातानं पाणी द्यावं लागेल."

"ते कोण देणार? तो? एकदा खाली बसला की त्याला उठवायला शेजारी बोलवावा लागतो."

"मी जाईन."

"रोज?"

"रोज कशाला? पावसाच्या दिवशी नाही."

ओटिलियेनं खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, पाकोळ्या खूप उंचावर फिरत होत्या.

"यंदा कोरडंच जाणार असं दिसतंय," ती म्हणाली आणि आणखी एक कोलाच बहिणीच्या ताटलीत ठेवला.